घागवहिनींचं मशीन बंद आहे

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरात थेट आतल्या खोलीत नेतात. टीव्हीवाला हॉलमध्येच थांबतो, नळवाला मोरीत, गॅसवाला ओट्यापाशी. माझी जागा खिडकीजवळ, पलंगाला लागून, कारण मशीन तिथे असायचं. तिथे उजेड मिळतो आणि ते कुणाच्या पायात येत नाही. मी येणार म्हणून आधी पलंगावरचा पसारा घाईघाईने कपाटात कोंबला जायचा. मग मशीनवरच्या वस्तू उचलायच्या: इस्त्रीचे कपडे, औषधांच्या बाटल्या, जुने पेपर, एकदा तर झोपलेलं मांजर. ते उठायला तयार नव्हतं. मी त्याला थोडं सरकवून पट्टा बदलला.

शहाडला राहून मी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतची मशीनं पाहिली. आधी सायकलवर, मग स्कूटरवर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पेचकस, तेलाची कुपी, ब्रश, सुया आणि हात पुसायला जुना टॉवेल. आता गुडघे कुरकुरतात म्हणून धंदा बंद केलाय, असं मी सांगतो. तरी फोन येतात, आणि गेलो नाही तर मलाच चैन पडत नाही.

माझ्या तरुणपणी मुलगी बघायला आलेले लोक ‘शिवण येतं का?’ हे विचारायचेच. येत नसलं तरी मुलीची आई ‘येतं की’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मुलीला क्लासला घालायची. मग लग्नात मशीन द्यायचं. डोंबिवलीच्या चाळीत एका खोलीच्या घरात पलंग नसायचा, पण मशीन असायचं. त्यावर आधी बाळाची झबली शिवली जायची, मग फ्रॉक, मग शाळेचा गणवेश, आणि सगळ्यांचं झालं की जुन्या पडद्यांच्या पिशव्या. पुढे तयार कपडे स्वस्त झाले आणि मशीनचं टेबल झालं. ठाण्यात एका आजोबांनी तर त्यावर देव्हारा मांडलेला. मशीनला तेल घालायचं म्हणजे देव हलवायचे, म्हणून ते फोनवरच मला आंघोळ करून यायला सांगायचे. मी करूनच जायचो, तरी दारात पुन्हा विचारायचे.

कल्याणच्या खाडीकडच्या एका गावात आगरी कुटुंब होतं. जमीन विकून त्यांनी मोठा बंगला बांधला. दिवाणखान्यात संगमरवर, भिंतभर टीव्ही, आणि टीव्हीच्या शेजारी आजीचं गंजलेलं पायमशीन. सुनेला ते भंगारात द्यायचं होतं. आजी मला म्हणाली, “म्हशी गेल्या, मिठागरां गेली. ही मशीन नाय जावाची. तू तेल घाल.” मी तेल घातलं. सून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच ते मशीन घरात आणलंय.

मग टाळेबंदी आली, आणि मास्क शिवायला घरोघरी मशीनवरचे देव, पेपर आणि मांजरं खाली उतरली. मला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून मी फोनवरून दुरुस्ती करायचो. तेव्हा माझ्या धंद्याचं एक गुपित बऱ्याच जणींना कळलं, त्यामुळे आता ते सांगायला हरकत नाही. ‘मशीन शिवत नाही’ अशी तक्रार आली, की निम्म्या वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं. सुई उलटी लागलेली असते. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने गोल आणि एका बाजूने चपटा असतो. चपटी बाजू चुकीच्या दिशेला गेली की सुई खालीवर होते, चाक फिरतं, आवाजही सुरेख येतो, फक्त टाका पडत नाही. खालचं शटल दोरा पकडायला येतं आणि रिकाम्या हाताने परत जातं. सुई काढायची, फिरवायची, लावायची, झालं. मी मात्र प्रत्यक्ष गेलो की आधी सगळं मशीन पुसायचो, तेल घालायचो, दोनदा हुंकार द्यायचो आणि मग सुई फिरवायचो. तसं केलं नाही तर लोकांना मेकॅनिक आल्यासारखं वाटत नाही.

आता घागवहिनींची गोष्ट. माझ्या सगळ्या कामात हे एकच मशीन असं, जे मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही.

शैला घाग डोंबिवली पूर्वेला एका चार मजली सोसायटीत राहतात. साठी उलटलेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. हात असा, की त्यांनी घातलेला टाका आणि पट्टीने मारलेली रेघ यात फरक सांगता येऊ नये. वर्षातून एकदा मी तेल घालायला जायचो. खरं तर गरज नसायची. मशीन त्या लेकरासारखं ठेवायच्या. त्यांचे यजमान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. मोठ्या मनाचा माणूस. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाचा गॅस संपलेला असो, घागसाहेब पुढे. मनाच्या या मोठेपणात शिवणही आलं. जिन्यात कुणी भेटलं आणि “पडद्याची शिलाई उसवलीय हो,” असं नुसतं म्हणालं, की साहेबांचं उत्तर तयार: “आमच्या हिच्याकडे द्या. घरचंच मशीन आहे. दोन मिनिटांचं काम.”

अशी दोन-दोन मिनिटं चार मजल्यांवरून यायची. साडीला फॉल, पँटची उंची, उशांचे अभ्रे, शाळेच्या गॅदरिंगचे मावळे. घागवहिनी पैसे घेत नसत, कारण साहेबांनी आधीच ‘शेजाऱ्यांकडून कसले पैसे’ असं जाहीर केलेलं. शेजारीही काही अगदी कृतघ्न नव्हते. काम झालं की वाटीभर चिवडा, दोन नारळाच्या वड्या असं काही यायचं. पण आपल्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. म्हणजे आधी फुकट शिवायचं आणि मग वाटीत घालायला रव्याचे लाडू करायचे.

यात सगळ्यांच्या पुढे होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या ठोंबरेबाई. त्या कामाला हक्काने यायच्या आणि सूचनाही द्यायच्या. “टाका बारीक घाल हं शैला, मागच्या वेळी जरा मोठा झालेला.”

दोन-तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना घागसाहेबांचा फोन आला. “नार्वेकर, मशीन बंद पडलंय. लगेच या. नवरात्र तोंडावर आलंय, सोसायटीची बरीच कामं अडकलीत.” त्या वेळी माझ्या मनात आलं, सोसायटीची कामं मशीनमुळे कशी अडकतील. पण ते आपलं काम नव्हे म्हणून गप्प बसलो.

गेलो. आतल्या खोलीत मशीनभोवती तिघं उभे. साहेब, हातात घागऱ्याचं कापड घेतलेल्या ठोंबरेबाई, आणि भिंतीला टेकून घागवहिनी. मी खुर्चीवर बसलो, सवयीने साहेबांनाच विचारलं, “काय होतंय?”

“टाकाच पडत नाही,” साहेब म्हणाले. “आवाज तर व्यवस्थित येतोय.”

मी चाक हाताने फिरवलं, मान वाकवली आणि बघतो तर सुई उलटी. चपटी बाजू सरळ चुकीच्या दिशेला. मला हसू आलं. “अहो, हे तर,” असं म्हणत मी सुईच्या स्क्रूला हात घातला.

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. अगदी छोटा.

मी वर बघितलं. घागवहिनी माझ्याकडे बघत होत्या. चेहरा नेहमीसारखा शांत, पण नजर हलत नव्हती. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई चाळीस वर्षं शिवतेय. अंधारात सुई बदलू शकेल. ती सुई उलटी लावेलच कशी? लावली असेल तर लावायची म्हणूनच लावली असेल.

स्क्रूवरचा हात मी काढून घेतला.

“हे तर काय?” साहेबांनी विचारलं.

“हे तर...” मी खाली वाकून उगाचच शटल बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं आणि एक लांब हुंकार दिला. “शटल झिजलंय.”

“मग बदला.”

“या मॉडेलचं आता मिळत नाही.”

ठोंबरेबाईंनी घागऱ्याचं कापड छातीशी धरलं. “मग आता?”

“आता मशीनला विश्रांती,” मी म्हणालो.

पिशवी आवरून मी खाली आलो. स्कूटरला किल्ली लावतोय तोच जिन्यातून घागवहिनी आल्या. हातात माझा पेचकस. “भाऊ, हा राहिला तुमचा.”

तो राहिलेला नव्हता. मी वस्तू मोजून पिशवीत टाकतो. त्यांनीच तो उचलून ठेवलेला.

“तुम्ही बघितलंत ना?” त्यांनी विचारलं.

“बघितलं, वहिनी.”

“मला मशीन बंद पाडता येतं हो. पण मी नुसतं ‘बंद पडलं’ म्हणून काय होतंय? ह्यांनी तुम्हाला बोलावलंच, आणि तुम्ही चालूही करून दिलं असतं. म्हणून म्हटलं, तुम्हीच सांगितलेलं बरं. मेकॅनिकचा शब्द वेगळा पडतो.”

“पण सरळ नाही म्हणायचं ना, वहिनी.”

“कुणाला? ठोंबरेबाईंना म्हणेन एक वेळ. पण ह्यांनी आधीच हो म्हटलेलं असतं. मग माझं ‘नाही’ ह्यांना लागतं, चारचौघांत मान खाली जाते असं वाटतं त्यांना. माणूस वाईट नाही.” त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. “मला दुपारी झोपायचंय, भाऊ. जेवण झालं की पडावं, असं किती वर्षं मनात आहे. डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजते. आता डोळेही दुखायला लागलेत.”

मला वाटलेलं, बाई म्हणेल पोथी वाचायची आहे, भजनाला जायचंय. तिला नुसतं झोपायचं होतं. इतकी साधी मागणी मी कधी ऐकली नव्हती. मी म्हणालो, “झोपा बिनधास्त. शटल काही मिळत नाही.”

पण मी घागसाहेबांना ओळखलं नव्हतं. सेक्रेटरी माणूस, अडलेलं काम सोडवायची सवय. दुसऱ्याच आठवड्यात ते उल्हासनगरच्या बाजारात गेले, दहा दुकानं फिरले आणि शटल घेऊन आले. मिळणारच होतं. ते शटल बाजारात कुठेही मिळतं. मी खोटं बोललो तेही आळशीपणे, जरा दुर्मीळ भागाचं नाव तरी घ्यायचं. साहेबांनी मला फोन केला, आवाजात विजय. “नार्वेकर, तुमच्या बाजारातल्या ओळखी जुन्या झाल्या. मिळालं शटल. या बसवायला.”

मी गेलो, बसवलं. पहिल्या शटलला काही झालेलं नव्हतं, दुसरंही उत्तम होतं, आणि वर सुई तशीच उलटी. साहेबांनी स्वतः पायडल मारून बघितलं. टाका पडला नाही. साहेब चिंतेत पडले. मीही चिंतेत असल्यासारखा बसलो. घागवहिनींनी चहा आणला. माझ्या कपात त्यांनी न विचारता साखर जास्त घातली होती.

“मशीन म्हातारं झालं,” मी शेवटी म्हणालो. “आता जबरदस्ती करू नका.”

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साहेबांनी रीतसर सूचना टाकली: घागवहिनींचं मशीन बंद आहे, सभासदांनी नोंद घ्यावी. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणाचं तरी माणूस गेल्यासारखं.

मला वाटलं, मिटलं. दिवाळी झाली, थंडी आली. मग जानेवारीत साहेबांचा पुन्हा फोन, या वेळी कुजबुजत. ते गच्चीवर जाऊन बोलत होते. “नार्वेकर, कुणाला सांगू नका. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढलीय. हिला नवीन मशीन घेतोय, मोटरचं. सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण असतो, तेव्हा सगळ्यांसमोर द्यायचं. तिला काही माहीत नाही. इतकी वर्षं तिने सोसायटीसाठी एवढं केलं, मशीन गेल्यापासून गप्प गप्प असते. दुपारी तर नुसती पडून असते हो. मला बघवत नाही.”

माझी काय अवस्था झाली असेल बघा. नवऱ्याचं एक गुपित माझ्याकडे, बायकोचं एक गुपित माझ्याकडे, आणि दोघं एकाच घरात राहणारे. मी म्हणालो, “साहेब, त्यापेक्षा एखादी सहल करा ना दोघं. महाबळेश्वर वगैरे.”

“सहलीने पडदे शिवून होणार आहेत का?” साहेब म्हणाले.

शेवटी मीच त्यांच्याबरोबर जाऊन मशीन निवडलं. निवडताना मात्र मन लावून निवडलं. ते माझ्या हातून वाईट होत नाही. त्यानंतर दोन दिवस मला अन्न गोड लागेना. वहिनींना सांगावं, असं ठरवून एका दुपारी त्यांच्या दाराशी गेलो. साहेब बँकेत गेल्याचं वॉचमनने सांगितलेलं. दारावर वहिनींच्या सुरेख अक्षरात कागद चिकटवलेला: ‘दुपारी बेल वाजवू नये.’ आतून पंख्याचा आवाज येत होता. मी बेलपर्यंत बोट नेलं. ही बाई चाळीस वर्षांनी झोपलीय आणि तिला उठवून सांगायचं काय, तर तुझी झोप जाणार आहे. नाही जमलं. आल्या पावली जिना उतरलो.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं, मग आवारातल्या मांडवात पूजा. नवीन मशीन जोडून द्यायचं म्हणून मला बोलावलेलं. ते जरीच्या कापडाखाली झाकून ठेवलेलं, आणि मी त्याच्याशेजारी, आरोपीसारखा. आरती झाल्यावर साहेबांनी माइक घेतला. सोसायटीची एकजूट, शेजारधर्म असं बोलत बोलत ते बायकोवर आले. “आमच्या सौभाग्यवतीने या सोसायटीची इतकी वर्षं जी सेवा केली,” असं म्हणत ते मशीन गेल्यापासून ती कशी गप्प गप्प असते इथपर्यंत आले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. ते खोटं नव्हतं. मग त्यांनी कापड ओढलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठोंबरेबाई मागच्या खुर्चीवरून उठून पुढे आल्या. “शैला, माझे पडदे केव्हापासून कापून ठेवलेत बघ.”

घागवहिनी उभ्या होत्या. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. मी मांडवातली सतरंजी बघायला लागलो. मला वाटलं, आता या ‘कशाला एवढं’ म्हणतील, डोळे पुसतील, आणि उद्या दुपारी बेल वाजेल.

“दोन शब्द बोल ना,” साहेबांनी माइक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तोंडापासून बराच लांब धरला, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

“मशीन छान आहे,” त्या म्हणाल्या. “नार्वेकरभाऊंनी निवडलंय म्हणजे चांगलंच असणार. सगळ्यांनी वर्गणी काढलीत, मला बरं वाटलं. पण वर्गणी सगळ्यांची, म्हणजे मशीनही सगळ्यांचं. माझ्या एकटीच्या घरात ते कसं ठेवू? ते बरं दिसणार नाही. आपण ते सोसायटीच्या ऑफिसात ठेवू. ज्याला जे शिवायचंय त्याने खाली यावं आणि शिवावं. कुणाला येत नसेल तर रविवारी सकाळी मी शिकवीन. ऑफिसची चावी ह्यांच्याकडे असतेच.”

साहेबांचा हात अजून टाळीच्या तयारीत तसाच वर होता.

“आणि दुपारी मी झोपते,” वहिनी म्हणाल्या. “गप्प गप्प नसते. झोपलेली असते.”

माइक त्यांनी साहेबांना परत दिला आणि त्या प्रसादाचा शिरा वाढायला गेल्या.

पहिली टाळी वाजवली तिसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेने, आणि तिच्या सासूने तिच्याकडे वळून बघितलं. मग दोन-चार टाळ्या आल्या, मग बऱ्याच. साहेबांनीही वाजवली, इतर सगळे वाजवतायत म्हणून. घरी त्यांनी दोन दिवस अबोला धरल्याचं मला नंतर कळलं. वहिनींनी तो धरू दिला. नेहमीसारखं जेवायला वाढलं, आणि दुपारी झोपल्या.

मशीन ऑफिसात बसवायला मीच गेलो. पहिल्या रविवारी वर्ग बघायलाही थांबलो, काही अडलं तर असावं म्हणून. सहा-सात बायका आलेल्या, एक कॉलेजची मुलगी, आणि कुलूप उघडायला आलेले साहेब एका कोपऱ्यात पेपर घेऊन. ठोंबरेबाई पडद्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. वहिनी त्यांना दोरा ओवायला दाखवणार, तोवर बाईंनी खुर्ची ओढली, दोरा ओवला आणि सरळ पडद्याची एक अख्खी बाजू मारून टाकली. टाका असा बारीक, की मी चष्मा चढवून बघितला.

सगळ्या बघतच राहिल्या. वहिनी म्हणाल्या, “तुम्हाला येतं?”

“येतं म्हणजे? माहेरी आम्हा चौघी बहिणींचे कपडे मीच शिवायची.”

“मग इतकी वर्षं माझ्याकडे का?”

ठोंबरेबाईंनी दुसरी बाजू मशीनखाली घातली. “तू फुकट करून देत होतीस. मग मी कशाला कष्ट करू?”

मला वाटलं, आता भांडण होणार. घागवहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदाच बघत होतो. ठोंबरेबाईही हसल्या, पण पडदा वाकडा जाऊ दिला नाही.

मग वहिनींनी बाकीच्यांना पहिला धडा दिला. सुई काढून हातात धरली. “ही बाजू गोल, ही चपटी. चपटी बाजू अशी हवी. उलटी लागली तर मशीन चालतं, आवाज येतो, पण टाका पडत नाही.”

कोपऱ्यातला पेपर खाली आला. साहेब उठून पुढे आले, वहिनींच्या हातातली सुई त्यांनी निरखून बघितली. मग वहिनींकडे बघितलं. वहिनी शांतपणे दुसऱ्या बाईला बॉबिन भरायला शिकवत होत्या. साहेब वर घरी गेले. थोड्या वेळाने खाली आले आणि मला बाहेर बोलावलं.

“नार्वेकर, ते पहिलं शटल.”

“चांगलं होतं, साहेब.”

“आणि मी उल्हासनगर पालथं घालून आणलेलं?”

“तेही चांगलं होतं.”

त्यांनी आवारातल्या कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मला वाटलं, आता या घराचं आणि आपलं संपलं. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि माणूसही आवडता. पण ते एवढंच म्हणाले, “मला सांगायचं होतंत.”

“तुम्ही मला विचारलंत, वहिनींना विचारलं नाहीत,” मी म्हणालो. म्हणून गेलो खरा, आणि मग माझ्याच मनाला ते लागलं. कारण त्या दिवशी खुर्चीवर बसून ‘काय होतंय?’ हे मीही साहेबांनाच विचारलेलं. सगळा जन्म मी तेच केलं. मशीन बाईचं, तक्रार बाईची, आणि विचारायचं मात्र दारात जो पुरुष उभा असेल त्याला. किती जणींना काय सांगायचं राहून गेलं असेल, कोण जाणे.

पुढे ऑफिसात मशीन चांगलं रुजलं. कॉलेजच्या मुलीने जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून विकायला सुरुवात केली. ठोंबरेबाईंनी रविवारचा अर्धा वर्ग परस्पर ताब्यात घेतला. अडचण एकाच माणसाची झाली. चावी साहेबांकडे, आणि ते दिवसभर ऑफिसात बसलेले. त्यामुळे ज्यांना शिकायचं नव्हतं ते कापड घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. “साहेब, तुम्ही बसलेलेच आहात, एवढी एक शिलाई मारता का?” माणसाला नाही म्हणायची सवय नव्हती. आधी त्यांनी वर घरी नेऊन द्यायचा प्रयत्न केला. वहिनींनी दारावरचा कागद दाखवला. मग साहेब शिकले.

गेल्या महिन्यात मी तेल घालायला गेलेलो. दुपार उतरलेली. साहेब चष्मा नाकावर ओढून स्वतःच्या पायजम्याची उंची कमी करत बसलेले. जिभेचं टोक बाहेर, खांदे कानाला लागलेले. बाजूला वाकलेल्या टाचण्यांचा ढीग.

“सकाळपासून एक पाय झालाय,” ते म्हणाले. “सरळ जातच नाही हो. हाताने ओढावं तर सुई मोडते, सोडून द्यावं तर वाकडं जातं.”

मी शेजारी टेकलो. त्यांनी मशीन थांबवलं, पण नजर कापडावरच होती.

“मी बाहेर पेपर वाचत बसायचो ना, नार्वेकर. आत मशीनचा आवाज चालू असायचा. तासभर, दोन तास. मला वाटायचं, मशीन शिवतंय.”

मी तेलाची कुपी काढली, एक-दोन थेंब घातले, चाक फिरवून बघितलं. साहेबांनी पुन्हा पायजमा सुईखाली घेतला आणि मी कापडाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून कसाबसा दुसरा पाय पुरा केला.

तेवढ्यात घागवहिनी खाली आल्या. नुकत्या उठलेल्या, एका गालावर उशीच्या कडेचा वळ, हातात चहाचा थर्मास. दोन कप माझ्या आणि साहेबांच्या पुढे ठेवून त्यांनी पायजमा उचलला, खिडकीपाशी नेला, दोन्ही पाय जुळवून लांब धरले. एक पाय बोटभर आखूड होता. साहेब शाळेतल्या पोरासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“छान झालंय,” वहिनी म्हणाल्या. पायजमा त्यांनी साहेबांच्या मांडीवर ठेवला, वर मशीनच्या खणातलं ब्लेड ठेवलं. “उसवा.”